केबल काढल्यावर

आमच्या गल्लीत कुणाच्याही टीव्हीवर मुंग्या आल्या की हाक आमच्या वहिनीला येते. "अँटेनाबाई आहेत का घरात?" असं विचारत लोक थेट स्वयंपाकघरापर्यंत येऊन उभे राहतात. अँटेना इंजिनिअर म्हणजे छपरावर चढून अँटेना फिरवून देणारी बाई, अशी इथे लहानथोर सगळ्यांची पक्की समजूत आहे. सुरुवातीला मी त्यांच्याशी हुज्जत घालायचे. "अहो, ती मोठ्या कंपनीत आहे, तिच्या हाताखाली माणसं आहेत, ती अँटेना तयार करते, तुमच्या छपरावर बसवत नाही!" माझं एवढं बोलून होईपर्यंत वहिनी बाह्या दुमडून शेजाऱ्यांच्या शिडीवर अर्ध्यापर्यंत पोचलेली असायची.

मग वरून आवाज यायचा, "आता दिसतंय का?"

"नाही."

"आता?"

"दिसतंय, दिसतंय! आता हलू नका."

"मी हलणारच आहे हो, मला जेवायचंय. हात काढते. बघा, राहिलं का?"

हे शेवटचं वाक्य ती प्रत्येक छपरावरून म्हणते. तिचं म्हणणं असं, की धातूला हात लावला की माणूसही त्या अँटेनाचा एक तुकडा होतो. चित्र सुधारतं, सगळे खूश होतात आणि हात काढला की पुन्हा मुंग्या. त्यामुळे हात लावून बघायचं आणि मग काढूनही बघायचं. शिडीवरून खाली येऊन ती स्वतः टीव्हीसमोर दोन मिनिटं बसते, चहा नाकारते आणि घरी येऊन माझ्याकडून फुकटचं व्याख्यान ऐकते की लोकांना डोक्यावर चढवून ठेवू नये.

मी तिची धाकटी नणंद. बंदरामागच्या रस्त्यावर माझं शिवणकामाचं वर्कशॉप आहे. ताडपत्र्या, शिडांचं कापड, बोटीवरच्या लोकांचे कोट, असलं जाड काम आम्ही करतो. नाजूक काम मला जमत नाही आणि नाजूक बोलणंही. दादाने लग्नाआधी वहिनीला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा आईने तिला अदबीने विचारलं की तुम्ही नक्की काय करता. वहिनीने फार साधं करून सांगितलं, की हवेतून जाणारं बोलणं पकडायचं आणि हवेत सोडायचं. ती गेल्यावर आई काळजीने म्हणाली, "मुलगी चांगली आहे, पण डोक्याने जरा..." दादा इतका हसला की त्याच्या हातातला पेला पडला. तो पेला फुटल्याचं खापर आईने बरेच दिवस वहिनीवर फोडलं.

अहो-जाहो मात्र तिने आल्या आल्याच बंद करून टाकलं. "तू 'अहो वहिनी' म्हणालीस की मागे कोण आलंय ते बघावंसं वाटतं. सरळ 'तू' म्हण." आणि तिने मला नाव ठेवलं 'धाकटे'. आता माझे केस पिकायला लागलेत, तरी मी धाकटीच आहे.

ती या धंद्यात कशी पडली, ते तिने मला एकदा बटणं निवडता निवडता सांगितलं. तिचे वडील मालवाहू जहाजांवर होते, महिनोन्‌महिने बाहेर. घरी आजोबा आणि त्यांचा एक जुनाट रेडिओ. संध्याकाळी हवामानाच्या बातम्या लागायच्या आणि आजोबा कानात प्राण आणून ऐकायचे, कारण मुलगा समुद्रावर. पण त्यांचं घर डोंगराच्या कुशीत. रेडिओ नुसता खरखरायचा. वहिनीने रेडिओची तार हातात धरली की मात्र आवाज स्वच्छ यायचा. म्हणून रोज संध्याकाळी ती तार धरून उभी. बाहेर मुलं खेळतायत आणि ही आपली तार धरून उभी! तिला वाटायचं, आपण तार नीट धरली म्हणूनच बाबा सुखरूप येतात. एकदा नाक खाजलं म्हणून हात सुटला तर रात्रभर झोपली नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"मग शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, की माझ्यात असं काय आहे? त्या म्हणाल्या, तुझ्यात काही नाही, तू फक्त लांब आहेस. तुझ्याएवढी तार जोडून बघ. मी खिडकीतून झाडापर्यंत तार नेली. हात सोडला तरी रेडिओ बोलत राहिला. आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, जा आता खेळायला." वहिनीने एक बटण बाजूला ठेवलं. "धाकटे, मी जे काही शिकले ना, ते सगळं त्या 'जा आता खेळायला'साठी."

तिचं काम मी पहिल्यांदा बघितलं ते तिच्या कंपनीत डबा द्यायला गेले तेव्हा. मला वाटलं होतं मोठमोठे मनोरे असतील. बघते तर वहिनी एका लांब टेबलापाशी भिंग लावून बसलेली. समोर नखाएवढी तांब्याची पट्टी, हातात धारदार चाकू. पट्टीला एक केबल जोडलेली, केबलचं दुसरं टोक मीटरला. मीटरच्या पडद्यावर एक रेघ आणि त्या रेघेत एक खळगा. तो खळगा हव्या त्या आकड्याखाली आणायचा, म्हणजे अँटेना सुरात आली. वहिनी पट्टीचं टोक केसभर खरवडायची, पडद्याकडे बघायची, श्वास सोडायची. खळगा मुंगीच्या पावलाने सरकायचा.

"जास्त कापलं गेलं तर?" मी विचारलं.

"तर टाकून द्यायची. म्हणून आधी लांबच ठेवायची."

हे ऐकलं आणि मला ही बाई आपल्यातली वाटली. कापडही आधी लांबच ठेवतात. आम्हाला निदान जोड तरी देता येतो, तिला तोही नाही. कॉम्प्युटरवर ती सगळं आधी आखते, रंगीत चित्रं काढून कुठून किती लहरी निघतील ते बघते. पण त्यावर तिचा पुरता भरवसा नाही. म्हणते, "कॉम्प्युटरला घाम येत नाही, तो भिजत नाही, त्याला कुणी खिशात कोंबत नाही. ही बिचारी खिशात राहणार आहे." तिने केलेल्या अँटेना कुठे कुठे आहेत याचा मला पत्ता लागत नाही. एक म्हणे दवाखान्यात लोक गिळतात त्या गोळीत आहे. एक डोंगरावरच्या मेंढ्यांच्या गळ्यात. आई हे कौतुकाने सगळ्यांना सांगते, फक्त गोळीचं आणि मेंढ्यांचं एकत्र करून सांगते.

आता मुद्द्याचं सांगते. माझा नवरा मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळतो. बोलतो कमी, हसतो जास्त आणि पोहतो जेमतेम. बोटीवरच्या प्रत्येकाला एक जीवरक्षक जॅकेट असतं. त्याला एक डबी असते. माणूस पाण्यात पडला की डबी भिजून आपोआप चालू होते आणि बोटीवरच्या पडद्यावर ठिपका दाखवते, की माणूस इथे आहे. पण त्या डबीला एक काठी असायची, हातभर लांब, खांद्यावरून वर आलेली. तीच तिची अँटेना. ती जाळ्यात अडकायची, दोरात अडकायची, शेजारच्याच्या डोळ्यात जायची. म्हणून एकूण एक माणूस जॅकेट काढून खुंटीला टांगायचा आणि नुसत्या शर्टावर कामाला लागायचा.

एका दुपारी जेवताना मी याच्यावरून नवऱ्यावर तोंडसुख घेत होते. "खुंटी बुडायची भीती आहे का? सगळी जॅकेटं तिलाच!" तो बापडा हसत होता. वहिनीने मात्र चमचा खाली ठेवला.

"धाकटे, ती काठी कॉलरमध्ये शिवता आली तर?"

"लोखंडाची काठी कशी शिवणार?"

"काठी नाही. दोरा. चांदीचा मुलामा दिलेला दोरा असतो."

तिने कंपनीतल्या मोठ्या साहेबांना ते पटवलं आणि शिवायचं काम माझ्याकडे आलं. त्या दोऱ्याने माझ्या नाकी नऊ आणले. सुईत तुटायचा, मशीनमध्ये त्याचा पिसारा व्हायचा. टाका घट्ट पडला की वहिनीच्या पडद्यावरचा खळगा सरकायचा, सैल पडला की उलट्या दिशेला. ती माझ्याकडून टाक्यांची नावं शिकली, मी तिच्याकडून शिकले की रेडिओलहरींच्या लेखी माणूस म्हणजे खारट पाण्याची पिशवी, आणि ती पिशवी जवळ आली की अर्धं बोलणं पिऊन टाकते. म्हणून कॉलरच्या आत फोमचा जाड थर घालायचा. तपासायला त्यांच्याकडे मिठाचं पाणी भरलेला प्लॅस्टिकचा माणूस होता. जॅकेट मी माझ्या नवऱ्याच्या मापाचं बेतलेलं, ते त्या पुतळ्याला चपखल बसलं, म्हणून सगळी कंपनी त्याला 'जावईबापू' म्हणायला लागली. "जावईबापूंना उचला", "जावईबापू गळतायत, फडकं आणा." नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस हसत होता.

मोजायची खोली वेगळीच. भिंती, छत, सगळीकडे स्पंजाचे निळे सुळके, कोपरापर्यंत लांब. लहरी त्यांच्यावर आदळून परत येत नाहीत, तिथेच जिरतात. आवाजही जिरतो. आत बोललं की आपलेच शब्द ओठांशी गळून पडतात. माझ्यासारख्या बडबडीला ती खोली म्हणजे शिक्षाच. मधोमध जावईबापू जॅकेट घालून उभे, कॉलरमधून निघालेली केबल जमिनीवरून बाहेरच्या मीटरला. आणि हाक किती लांब जाईल ते सांगणारा आकडा असा सुरेख, की साहेबांनी खरंच टाळ्या वाजवल्या. काठीपेक्षा दोऱ्याचा आकडा चांगला!

तपासणीवाले आले, त्यांनी मोजलं, कागद पास झाला. हंगामाच्या सुरुवातीला बोटी निघतात, त्याआधी बंदरावर कार्यक्रम करून जॅकेटं वाटायची ठरली. पहिलं जॅकेट माझ्या नवऱ्याला. मी नवी चप्पलसुद्धा घेतली.

कार्यक्रम आठवड्यावर आला असताना एक कॉलर उसवली म्हणून मी त्या निळ्या खोलीत टाके घालायला गेले. वहिनी दाराशी मीटरपुढे उभी होती. मी उठताना ती म्हणाली, "केबल बाजूला घे, पायात येईल." मी केबल हातात धरून उचलली.

"काय केलंस?" वहिनी म्हणाली.

"काही नाही. केबल धरली."

"सोड बरं."

मी सोडली.

"पुन्हा धर." तिचा आवाज बदलला होता. "आता हात काढ."

मी पडद्याकडे बघितलं. मी धरलं की आकडा हलायचा, सोडलं की पूर्वीच्या जागी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वहिनीच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला. तिने खणातून काळे जाड मणी काढले, लोखंडाच्या भुकटीचे असतात तसे, आणि एकेक करून केबलवर ओवले. वीज केबलच्या अंगावरून पळू नये म्हणून असतात म्हणे ते. शेवटचा मणी ओवला आणि आमचा तो सुरेख आकडा धाडकन खाली आला. काठी सोडा, तिच्या आसपाससुद्धा नाही.

वहिनी त्या सुळक्यांमध्ये खाली बसली.

"धाकटे, अर्धी अँटेना तुझा दोरा होता. उरलेली अर्धी ही केबल होती. इतके दिवस आपण केबल मोजत होतो." मग ती स्वतःशीच म्हणाली, "मी लहानपणी तार धरून उभी राहायचे, तेच हे. अगदी तेच. आणि मलाच दिसलं नाही."

समुद्रात त्या दोऱ्याला केबल कुठून मिळणार? तिथे फक्त काडेपेटीएवढी डबी. म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाची हाक जेमतेम दोन बोटींच्या लांबीएवढीच जाणार. आणि पहिलं जॅकेट कुणाच्या अंगावर चढणार होतं ते मला माहीत होतं.

ती तशीच साहेबांकडे गेली. मीही मागोमाग, हातात सुई-दोरा तसाच. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कपाळ धरलं. म्हणाले, "बाई, कागद पास आहे. तपासणीवाल्यांनीही असंच मोजलंय. सगळे असंच मोजतात."

"साहेब, केबल घेऊन कुणी बुडत नाही."

साहेब उठून खोलीत आले, स्वतः केबल धरली, सोडली, पुन्हा धरली. त्यांचे कान लाल झाले. मग विचारलं, "किती दिवस लागतील?" वहिनी म्हणाली, "माहीत नाही." त्यांनी दार आपटलं, पण त्याच दुपारी कार्यक्रम रद्द केल्याचं बंदरावर कळवलं, आणि खापर तिच्यावर फोडलं नाही. त्या माणसाचे आभार मानायचे माझे आजही राहिलेत.

त्या दिवशी मात्र माझ्या मनात आभार वगैरे काही नव्हतं. बोटी निघणारच होत्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी वहिनीला धारेवर धरलं.

"अर्धं तरी चालतं ना ते? मग अर्धं दे! खुंटीवरच्या काठीपेक्षा अंगावरचं अर्धं बरं."

"ते अर्धं जेवढ्या अंतरावर चालतं ना, तेवढं डोळ्यांनीही दिसतं. जिथे दिसत नाही तिथे ते मुकं आहे."

"पण काहीतरी तर असेल अंगावर!"

"म्हणूनच नको," वहिनी म्हणाली. "अंगावर जॅकेट आहे या भरवशावर भावोजी एक पाऊल पुढे जातील. तो भरवसा खोटा आहे हे मला माहीत असताना मी तो त्यांच्या अंगावर कसा घालू?"

तिचं खरं होतं. खरं असलेलंच जास्त झोंबतं मला. मी तिच्याशी बोलणं टाकलं. बोट निघाली तेव्हा धक्क्यावर मी एका टोकाला आणि ती दुसऱ्या. नवऱ्याने हात हलवला. त्याच्यामागे खुंटीला ती काठीवाली जॅकेटं ओळीने लटकत होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी वहिनी वर्कशॉपमध्ये आली आणि माझ्या मशीनसमोर स्टुलावर बसली. मी मान वर केली नाही. ती मशीनशीच बोलल्यासारखी बोलायला लागली. म्हणाली, अँटेनाला ढकलायला पाठीमागे काहीतरी लागतं. भिंतीला पाठ लावल्याशिवाय कपाट ढकलता येत नाही, तसं. डबी फारच लहान, तिला पाठच नाही. केबलने आपली पाठ उसनी दिली होती. तर आता तिला तिचा स्वतःचा दुसरा हात द्यायचा. एक हात डाव्या खांद्यावरून, एक उजव्या खांद्यावरून, आणि डबी बरोबर मधे, मानेखाली.

"मानेखाली पाठीचा जोड येतो," मी म्हणाले. "माणूस वाकला की सगळा ताण तिथेच. दोरा तुटेल."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आपला अबोला आहे. वहिनीने हसू दाबलं.

"मग काय करायचं?"

"नागमोडी शिवायचा. ताणला तर उलगडेल, तुटणार नाही."

"नागमोडी शिवला तर त्याची लांबी बदलते."

"मग आधी लांबच ठेवू की!"

त्यानंतर आम्ही किती कॉलरी शिवल्या आणि उसवल्या त्याचा हिशोब नाही. केबल मात्र वहिनीने हद्दपार केली. डबीत बॅटरी, जावईबापूंच्या गळ्यात जॅकेट, जावईबापू बंदराच्या आतल्या पाण्यात तरंगतायत, आणि वहिनी लाटा अडवायच्या भिंतीच्या टोकाला ऐकायचं यंत्र घेऊन उभी, अशी मोजणी सुरू झाली. बंदरावरचे लोक हे बघायला जमायचे. मग ती म्हणाली की पुतळा हात हलवत नाही, कुडकुडत नाही, जिवंत माणूस पाहिजे. दादा मागच्या मागे सटकत होता, मी त्याला धरला. थंडगार पाण्यात तो गळ्यापर्यंत उभा आणि ओरडतोय, "लग्नात हे ठरलं नव्हतं!" वहिनी लांबून यंत्रावरचा आकडा बघत, सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी ओरडली, "येतोय! तू येतोयस!" आई धक्क्यावर टॉवेल घेऊन उभी होती. तिला वाटलं तो पाण्यातून बाहेर येतोय, आणि ती टॉवेल पसरून वाट बघत राहिली.

पुढे खऱ्या समुद्रात, खऱ्या लाटांवर मोजून झालं. या वेळी साहेबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसते म्हणाले, "केबल नाही ना कुठे?" आणि सही केली.

हंगामाच्या मध्यावर नवऱ्याची बोट मासळी उतरवायला बंदरात आली तेव्हा त्याचं जॅकेट मी स्वतः त्याच्या अंगावर चढवलं. तो म्हणाला, "कॉलर जरा घट्ट आहे." मी म्हणाले, "राहू दे घट्ट." काठी नव्हती, अडकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून या वेळी बोटीवरच्या कुणीच आपलं नवं जॅकेट खुंटीला टांगलं नाही.

ते घडलं भर दुपारी. समुद्रावर दाट धुकं उतरलं होतं. जाळं ओढायचा दोर तुटला आणि त्याच्या तडाख्याने माझा नवरा पाण्यात फेकला गेला. इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही, धुक्यात कुणाला काही दिसलं नाही. बोट पुढे निघून गेली होती. मग कप्तानाच्या केबिनमधला पडदा ओरडायला लागला. कप्तानाने नंतर मला सांगितलं, "पडद्यावर ठिपका होता आणि समोर नुसतं पांढरं धुकं. मी डोळे मिटल्यासारखी बोट वळवली आणि ठिपक्याच्या मागे गेलो. अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसला नाही."

मला फोन आला तेव्हा मी ताडपत्री कापत होते. "जिवंत आहे," हे कप्तानाचे पहिले शब्द. शहाणा माणूस. बाकीचं मी ऐकलंच नाही.

धक्क्यावर आम्ही बोटीची वाट बघत उभे होतो, मी, आई, दादा आणि कंपनीतून तशीच पळत आलेली वहिनी. तिच्या गळ्यात अजून भिंग लटकत होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि मला एक लहान मुलगी दिसली, तार धरून उभी असलेली, बाहेर मुलं खेळत असताना. तिचे ते आजोबा, त्या शाळेतल्या बाई, दार आपटणारे साहेब, यातल्या बहुतेकांना मी कधी भेटलेही नाही. या सगळ्यांनी माझा नवरा माझ्यापर्यंत हातोहात पोचवला होता. मी वहिनीला म्हणाले, "त्या दिवशी मी हट्ट धरला आणि तू ऐकलं असतंस, तर..." ती म्हणाली, "गप्प बस, बोट आली."

तो कांबळं गुंडाळून उतरला. ओठ निळे, हनुवटीवर खरचटलेलं, दात वाजतायत. आत जॅकेट तसंच, काढू देत नव्हता. मी त्याला बघितलं आणि तोंडाला येईल ते बोलायला लागले, की दोराजवळ कशाला गेला होतास, इंजिन सोडून तुला कुणी सांगितलं होतं, असलं काहीबाही. तो हसत होता. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. दादा नुसताच त्याच्या पाठीवर थापटत राहिला.

वहिनी लांब उभी होती. मग पुढे आली. तिने कांबळं बाजूला करून त्याच्या दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला, नागमोडी शिवणीवरून, मानेखालच्या डबीपर्यंत. त्याच्या दंडावर हात ठेवला आणि ठेवून राहिली. मग हात काढला, एक पाऊल मागे सरली आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं ती काय करतेय ते. तो थरथरत म्हणाला, "बघा वहिनी. केबल नाही."

वहिनी हसायला गेली आणि तिथेच, सगळ्या बंदरासमोर, हमसून हमसून रडायला लागली. मी तिला घट्ट धरलं. बराच वेळ गेला. लोक बघतायत असं वाटून मी मिठी जरा सैल सोडली, तर तिने माझं मनगट पकडलं.

"धाकटे," ती म्हणाली, "हात काढू नको."